बाविसावा फर्मा

त्याला सगळे जाडपुठ्ठा म्हणत. हे नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलं, लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात, आणि ते इतकं चपखल बसलं की प्रेसवाल्यापासून खालच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. "काय, कसं काय?" असं विचारलं तर तो "बरं" म्हणे, आणि त्या एका शब्दालाही अर्धा मिनिट लावी. बायको चिडली की म्हणायची, "लोकांची लग्नं माणसांशी लागतात, माझं पुठ्ठ्याशी लागलं." त्यावरही तो काही बोलत नसे. फार तर कानामागची पेन्सिल काढून परत कानामागे अडकवी.

धंदा पुस्तकं बांधायचा. छापखान्याच्या मागच्या गल्लीत, जिना चढून गेलं की दोन खोल्या. एकीत कारखाना, दुसरीत संसार, मधल्या दाराला पडदा. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून लाखभर पुस्तकं गेली असतील आणि त्यातलं एकही त्याने वाचलं नव्हतं. यात लाजण्यासारखं काही नाही. चपला शिवणारा काही प्रत्येक जोड घालून गावभर फिरून येत नाही.

तो बघायचा ते दुसरंच. छापून आलेला कागद मोठा असतो, अर्धं टेबल व्यापणारा, आणि त्यावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं. त्याला म्हणायचं फर्मा. कागद सपाट असतो तोवर ही पानं ओळीने नसतात. बाराच्या शेजारी पाच, चाराच्या शेजारी तेरा, आणि निम्मी पानं उलट्या डोक्याची. तीन घड्या पडल्या की मग प्रत्येक पान आपल्या जागी येतं. घडीच्या पाठीवर एक काळी खूण असते, पहिल्या फर्म्याची अगदी वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे फर्मे नीट एकावर एक लागले की त्या खुणांचा जिना दिसतो. जाडपुठ्ठा लांबून नुसता जिना बघायचा आणि सांगायचा, "सातवा नाही यात." घडीकामाला नवी बाई आली की तिला तो एकच गोष्ट शिकवी: "घडी पडल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवायचा नाही." आयुष्यात त्याने केलेली ही एकुलती एक म्हण. ती कधीतरी त्याच्याच उपयोगी पडायला हवी होती.

बायको दोघांच्या वाटचं बोलायची. शिवण तिची, फर्म्यांची जुळवणी तिची, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवायचं कामही तिचंच. चिठ्ठीवर वरती कामाचं लिहिलेलं असे, किती फर्मे, किती प्रती, सरस पातळ हवा की दाट. आणि खाली, उरलेल्या जागेत, तिचं स्वतःचं. "डबा खिडकीत आहे. गार झाला तर माझ्या नावाने बोंब मारू नका." "मी बहिणीकडे. दार लावून घ्या, परवा मांजर आलं होतं." "हे पुस्तक वैद्याचं आहे. पाठदुखीचं पान निघालं तर बाजूला ठेवा." तिची लिहायची तऱ्हा वेगळी होती. अख्खी ओळ आधी बिनडोक्याची लिहायची आणि मग वरून एकच शिरोरेघ मारायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शब्दांमधल्या मोकळ्या जागांवरूनही, आणि शेवटी ती रेघ कागदाबाहेर पळते की काय असं वाटायचं. लिहिणाऱ्या बाईला दुसरी शंभर कामं आहेत हे त्या रेघेवरून कळे.

काम पार पडलं की जाडपुठ्ठा ती चिठ्ठी भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवी. तशी सगळ्याच कारखान्यांतली रीत आहे. पण बाकीचे वर्षाकाठी तार रिकामी करतात. याने कधी केली नाही. एक तार भरली, त्याने दुसरी ठोकली. एकतीस वर्षांत सात तारा झाल्या. का ठेवता असं तिने विचारलं नाही, आणि का ठेवतो हे त्याने सांगितलं नाही. सांगता आलं असतं तर तो जाडपुठ्ठा कशाला झाला असता?

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. लेक दवाखान्यात नर्स होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई गेल्यावर तिने एकच गोष्ट मागितली.

"बाबा, त्या चिठ्ठ्या मला द्या. वहीत चिकटवून ठेवते. आईच्या हातचं लिहिलेलं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

"इथंच राहू दे," तो म्हणाला. रोज सकाळी दिवा लावला की तो आधी त्या तारांकडे बघे, मग कामाला लागे.

आणि मग त्या कवीचं पुस्तक आलं.

कवी मोठा. शाळेत गेलेल्या कुणालाही त्याची ती एक कविता पाठ, सोडून गेलेल्या प्रेयसीची. ती पाऊल न वाजवता निघून जाते, मागे वळून बघत नाही, आणि हा बिचारा वातीसारखा जळत बसतो. प्रेमात मार खाल्लेल्यांनी ती कविता उशाशी ठेवली, आणि ज्यांना प्रेमात कुणी विचारलंच नव्हतं त्यांनीही, हौस म्हणून. कवी मागच्या वर्षी वारला. आता त्याच्या सगळ्या कवितांचं जाडजूड पुस्तक निघत होतं, बावीस फर्म्यांचं, हजार प्रती.

एकवीस फर्मे आधी आले. बाविसावा गुरुवारी प्रेसवाला स्वतःच घेऊन आला, धापा टाकत.

"जाडपुठ्ठा, हे तरी वाचून बघ. तिची खरी पत्रं आहेत यात, तिच्याच अक्षरात, फोटो काढून छापलीत! कवीच्या खणात सापडली. बाई कोण, कुठली, कुणाला पत्ता नाही. खाली सहीसुद्धा नाही."

"बरं," तो म्हणाला.

प्रेसवाला गेल्यावर त्याने वरचा कागद टेबलावर पसरला, काळी खूण जागेवर आहे का ते बघायला. खूण जागेवर होती. पण त्याचे डोळे खुणेवर थांबले नाहीत. कागदावर एक लांब शिरोरेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शब्दांमधल्या जागांवरून गेलेली, शेवटी बाहेर पळणारी.

त्याने भिंतीवरच्या तारांकडे पाहिलं. मग परत कागदाकडे. मग स्टुलावर बसला.

डाव्या हाताच्या पानावर लिहिलं होतं: "तुमचं पत्र मिळालं. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. हे फार बोलत नाहीत. दिवसभर पुठ्ठे कापतात, संध्याकाळी भिंतीकडे बघत चहा पितात. तुम्ही विचारता, मी सुखात आहे का. खरं सांगायचं तर"

तिथे पान संपलं होतं. शेजारचं पान असं सुरू होत होतं: "तुमच्याशिवाय एक दिवससुद्धा जात नाही. या घरात जीव गुदमरतो. कुणापाशी बोलायची सोय नाही. काहीही करा, पण मला इथून घेऊन चला."

अरे बाबा, घडी घाल! बाराच्या शेजारी पाच असतं हे जगाला शिकवणारा तू. पण पत्रांचे नुसते फोटो होते, पानांवर आकडे नव्हते, आणि हा माणूस आयुष्यभर आकड्यांच्या भरवशावर जगलेला. वाचायची सवय नसलेला माणूस वाचतो तेव्हा तो डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि त्याला ते सगळं खरं वाटतं. शिवाय वाक्याला वाक्य असं जुळलं होतं की मुंगीलाही मध्ये शिरायला जागा नव्हती.

त्याने फर्म्याचा गठ्ठा उचलून कोपऱ्यात ठेवला. घडीच्या दोघी बायांना म्हणाला, "याला हात लावू नका. हा मी करीन."

पुढचे तीन दिवस वाईट गेले. इतकी वर्षं न वाचलेला माणूस वाचायला बसला. पहिल्या फर्म्यापासून एकेक कविता, ओठ हलवत. चंद्र, वाट, ओंजळ, रिता पेला. यातलं काय तिचं, ते त्याला कळेना. पण प्रत्येक ओळीखाली त्याला ती दिसू लागली. ती खिडकीत बसून चहा प्यायची, ते काय बघत होती? शिवता शिवता मध्येच हसायची, ते कुणाला आठवून? एकदा तो आजारी असताना ती सगळी रात्र जागली होती. ते प्रेम होतं का नुसतं कर्तव्य? एकतीस वर्षं आपण ज्या घरात राहिलो त्यात ती गुदमरत होती, आणि आपण भिंतीकडे बघत चहा पीत होतो. दुसऱ्या कुणाचा राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. पण कवी मेलेला, बायको मेलेली, भांडायचं कुणाशी?

रविवारी लेक आली. ती त्याचे कपडे घडी घालून ठेवत होती तेव्हा तो एकदम म्हणाला, "तुझी आई सुखात होती का?"

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"होती का?"

"मला काय विचारता? तुम्ही होतात इथे." मग तिचं लक्ष टेबलावरच्या फर्म्यांकडे गेलं. "अगबाई, ही कविता! आम्हाला पाठ म्हणून दाखवायची होती. मी घरभर घोकत फिरायचे. आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'एवढं रडतोय, तर उठून गेला का नाही तिच्यामागे? पाय मोडले होते का?' आणि पडदा सारून आत निघून गेली. बराच वेळ बाहेरच आली नाही."

संशय आला की माणसाला निम्मंच ऐकू येतं. लेकीचं बोलणं त्याने ऐकलं, पण लक्षात एवढंच ठेवलं की ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

निघताना लेक दारात थांबली. "पुढच्या रविवारी मी चांगली जाड वही घेऊन येते. चिठ्ठ्या चिकटवू या. दोघं मिळून. आता नाही म्हणू नका."

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी दुपारी बाया जेवायला गेल्या. त्याने भिंतीवरच्या साती तारा रिकाम्या केल्या. चिठ्ठ्या काढायलाच अर्धा तास लागला, जुन्या चिठ्ठ्यांना तारेचा गंज धरला होता. रागाने काम करतानाही हाताची सवय सुटत नाही. त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून चारी बाजूंनी सारखा केला. सगळ्यात वर कुठलीशी होती: "आज लवकर आवरा. माझे पाय दुखतायत. जिना उतरवत नाही, तुम्हीच वर दूध घेऊन या." त्याने ती वाचली, आणि मनात म्हणाला, कुणाच्या घरात पाय दुखत होते तुझे?

गठ्ठा कटिंग मशीनमध्ये सरकवला, वरचं चाक फिरवून दाबला, दांडा ओढला. पातं खाली आलं. त्याने गठ्ठा काडीभर पुढे सरकवला आणि पुन्हा ओढला. पुन्हा. दुसरा कुणी असता तर त्याने फाडून टाकल्या असत्या, आणि फाडलेलं माणूस रडत रडत चिकटवू तरी शकतं. हा बाइंडर. त्याने शेवटपर्यंत एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या काढल्या, आणि हाताने लोटून मशीनमागच्या कातरणाच्या पोत्यात टाकल्या. बाया परत आल्या तेव्हा तो सरस ढवळत होता.

मंगळवारी प्रेसवाल्याचा निरोप आला की पुस्तक शनिवारी हवंच. बाविसावा फर्मा आता टाळता येत नव्हता. त्याने कोपऱ्यातला गठ्ठा काढला, हाडाची पट्टी घेतली, पहिला कागद समोर ओढला. एक घडी. पट्टीने मोड दाबला. दुसरी घडी. मोड दाबला. तिसरी. पाठीवरची खूण पाहिली, सगळ्यात खालची पायरी, बरोबर. मग घडीच्या टोकाला पट्टी घालून पानं मोकळी केली, आणि ती आपोआप उघडली, जिथे उघडायची तिथे.

आधी आलं ते जुनं पत्र. त्यावर तारीख होती, तिच्या एकोणिसाव्या वर्षाची. "घरातले सगळे नीट वागतात, पण" असं म्हणून पान संपत होतं आणि समोरच्या पानावर "तुमच्याशिवाय एक दिवससुद्धा जात नाही. या घरात जीव गुदमरतो." हे घर तिच्या आईबापाचं. मला इथून घेऊन चला, असं तिने त्या कवीला लिहिलं होतं, आणि कवी गेला नव्हता. ती बोलावत राहिली, हा बसून राहिला, आणि कवितेत मात्र सोडून गेली ती. कवींचं हे एक बरं असतं.

जाडपुठ्ठ्याने मोडावरून पुन्हा एकदा पट्टी फिरवली. त्याने पुढची पानं उलटली. हे पत्र लग्नानंतरचं. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. भिंतीकडे बघत चहा पितात. तुम्ही विचारता, मी सुखात आहे का. खरं सांगायचं तर

समोरच्याच पानावर, लागून, जिथे ते पहिल्यापासून होतं, तिथे पुढचं होतं.

"हा प्रश्न घेऊन बसायला मला वेळ नसतो. तुमची कविता वाचली. ती बाई मी नाही. ती म्हणे पाऊल न वाजवता जाते. माझ्या चपला अशा वाजतात की मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर असते तेव्हाच हे वर दार उघडून उभे असतात. बोलत काही नाहीत. दार उघडतात. तुम्ही यापुढे मला पत्र पाठवू नका. मी उत्तर देणार नाही. मला जे लिहायचं ते मी इथे रोज लिहिते, कामाच्या चिठ्ठ्यांवर. हे वाचतात की नाही, देव जाणे. पण आजवर एकही फेकलेली नाही. तारेला लावून ठेवतात. मला तेवढं पुरतं."

त्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. घडीच्या बाया सांगतात की तो उठला, मशीनच्या मागे गेला आणि कातरणाचं अख्खं पोतं जमिनीवर पालथं केलं. त्यांना वाटलं काहीतरी हरवलं, म्हणून त्याही खाली बसल्या, तर म्हणाला, "तुम्ही नका. मीच करतो."

पोत्यात पंधरा दिवसांचं कातरण होतं. पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग, आणि त्यात कुठे कुठे निळी शाई. तो बुधवारी वेचत होता, गुरुवारी वेचत होता. एका पट्टीवर अर्धा काना, एकीवर वेलांटीचं शेपूट, आणि बहुतेकींवर वरच्या बाजूला तिच्या शिरोरेघेचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा. लांबून जिना बघून गळलेला फर्मा सांगणारा माणूस, त्याला दोन पट्ट्या एकमेकींशेजारी लावता येईनात. सगळ्या सारख्याच रुंदीच्या होत्या. त्याने स्वतःच तशा कापल्या होत्या.

पुस्तक मात्र शनिवारी गेलं. हजारच्या हजार प्रती, प्रत्येकीच्या पाठीवर बावीस पायऱ्यांचा जिना बिनचूक. प्रेसवाल्याने पाठ थोपटली. "वाचलंस का रे? रडलास की नाही? काय प्रेम होतं एकेकाचं!"

"हं," जाडपुठ्ठा म्हणाला. त्याने एक प्रत मागून घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पुस्तक मागितलं म्हणून प्रेसवाल्याने ही गोष्ट नंतर चार लोकांना सांगितली.

रविवारी लेकीच्या चपला जिन्यावर वाजल्या. आईसारख्याच फटफट. तो दार उघडून उभा होता.

तिने काखेतली जाड वही आणि गोंदाची बाटली टेबलावर ठेवली. "चला, कुठून सुरुवात करू या?"

त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं, पान उघडून. ती वाचायला लागली. पहिल्याच ओळीला तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग परत खाली. शेवटच्या ओळी तिने मोठ्याने वाचल्या, कारण तोवर तिला रडू येत होतं आणि हसूही. "पण आजवर एकही फेकलेली नाही. तारेला लावून ठेवतात. मला तेवढं पुरतं."

तिने पदराने डोळे पुसले. "बाबा, खरंच हो. एकही नाही फेकलीत तुम्ही. एकतीस वर्षं!" ती उठली आणि वही घेऊन मशीनमागच्या भिंतीपाशी गेली. सात तारा मोकळ्या होत्या. ती वळली, अजून हसतच होती. "अगोदरच काढून ठेवल्यात? कुठे आहेत?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागे अडकवली. मग तो मशीनमागे वाकला आणि पोतं ओढत तिच्यासमोर आणलं.